भौतिकशास्त्रातून रेणूंच्या जगात: रिचर्ड हेंडरसन यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला क्ष-किरणांचं विवर्तन शिकवून झालं की मी एक तास अभ्यासक्रम बाजूला ठेवतो आणि रिचर्ड हेंडरसन यांची गोष्ट सांगतो. तास संपला की वर्गातून प्रश्न येतात, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पालकांचेही येतात. दरवर्षी तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले.

हे हेंडरसन कोण?

जन्म १९४५चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. १९६६ साली एडिनबरा विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी. मग केंब्रिजच्या ‘लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त, म्हणजे एलएमबीत, १९६९ साली पीएच.डी. पुढची काही वर्षं अमेरिकेत येल विद्यापीठात, आणि १९७३ला पुन्हा एलएमबी. तेव्हापासून मुक्काम तिथेच. १९९६ ते २००६ या काळात ते तिथले संचालक होते. २००७ साली एक औषध संशोधन कंपनी उभी करण्यात त्यांचा हात होता. २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी, म्हणजे रेणू गोठवून इलेक्ट्रॉनच्या झोताने त्यांची रचना पाहण्याच्या तंत्रासाठी, जॅक दुबोशे आणि योआखिम फ्रँक यांच्यासोबत विभागून.

बायोडेटा एवढाच. त्यातून माणूस कळत नाही, म्हणून पुढचे प्रश्न.

भौतिकशास्त्र जमलं नाही म्हणून जीवशास्त्रात गेले का?

हा प्रश्न हमखास मागच्या बाकावरून येतो. आपल्याकडे बारावीलाच ‘ए ग्रुप की बी ग्रुप’ असं विचारतात आणि त्या दिवशी मधोमध भिंत पडते. तीच भिंत जगभर आहे असं मुलांना वाटतं.

एलएमबीचा जन्मच मुळात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. १९४७ साली कॅव्हेंडिश लॅबोरेटरीत मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्रू यांचं एक छोटंसं युनिट सुरू झालं. कॅव्हेंडिशचे प्रमुख होते लॉरेन्स ब्रॅग, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या ब्रॅगच्या नियमातले ब्रॅग. पुढे तिथे आलेल्या फ्रान्सिस क्रिक यांची पदवीही भौतिकशास्त्राची. युद्धाच्या काळात ते नौदलासाठी सुरुंगांवर काम करत होते. मिठाच्या स्फटिकाला जे गणित लागू होतं तेच प्रथिनाच्या स्फटिकालाही होतं. फरक इतकाच की मिठात दोन प्रकारचे अणू असतात आणि प्रथिनात हजारो अणू, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा पत्ता शोधायचा असतो.

हेंडरसन यांनी पीएच.डी. केली ती डेव्हिड ब्लो यांच्या हाताखाली, कायमोट्रिप्सिन नावाच्या विकरावर. अन्नातली प्रथिनं तोडणारं हे विकर. यात बेडूक कापणं कुठेच नव्हतं. स्फटिक, क्ष-किरण आणि फूरिएचं गणित, बस्स.

मग क्ष-किरण सोडून इलेक्ट्रॉनकडे का वळले?

स्फटिक मिळेना म्हणून. पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या आवरणात, रुतून बसलेली प्रथिनं पाण्यात सुखाने विरघळत नाहीत, आणि त्या काळात त्यांचे धड स्फटिकही बनत नसत. आणि स्फटिक नसेल तर क्ष-किरणांचा काही उपयोग नाही.

त्यांनी जे प्रथिन निवडलं त्याची ओळख आपल्याला थोडी वाकडी वाट करून होते. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव भरपूर सापडले. हेंडरसन ज्या जीवावर काम करत होते तो हॅलोबॅक्टेरियम याच कुळातला. त्याच्या पटलावर जांभळे तुकडे असतात. त्या तुकड्यांत बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिन नावाचं एकच प्रथिन फरशी बसवल्यासारखं ओळीने मांडलेलं असतं. उजेड पडला की हे प्रथिन पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलतं. निसर्गानेच तयार करून ठेवलेला हा सपाट, एकपदरी स्फटिक.

हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायचं ठरवलं. अडचणी दोन होत्या. मायक्रोस्कोपच्या आत निर्वात असतं; तिथे पाणी उडून जातं आणि प्रथिन कोलमडतं. शिवाय इलेक्ट्रॉनचा झोत प्रथिनाला जाळून टाकतो. पहिलीवरचा उपाय ऐकून वर्गात नेहमी हसू फुटतं: साखर. नमुना ग्लुकोजमध्ये बसवला, पाणी गेलं तरी त्याची जागा धरायला ग्लुकोज राहिलं. आवळा पाकात मुरवला की महिनोन्महिने सुरकुतत नाही, तसंच काहीसं. दुसरीवरचा उपाय म्हणजे झोत इतका मंद करायचा की एका चौरस अँगस्ट्रॉमच्या वाट्याला एखादाच इलेक्ट्रॉन यावा. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.

अशा फोटोत डोळ्यांना काहीच दिसत नाही. नुसता करडा, रवाळ कागद. पण त्यात हजारो रेणूंची तीच ती नक्षी दडलेली असते, आणि फूरिए रूपांतर (पुन्हापुन्हा येणारी नक्षी वेगळी काढणारं गणित) केलं की ती ठिपक्यांच्या रूपात वर येते. नमुना वेगवेगळ्या कोनांत कलता करून त्यांनी ही माहिती गोळा केली. १९७५ साली ‘नेचर’मध्ये ७ अँगस्ट्रॉम विभेदनाची (म्हणजे तेवढ्या बारकाईची) त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. पटलातून आरपार उभे असलेले सात दांडे. पटलातलं प्रथिन आतून कसं असतं हे त्याआधी कुणी असं पाहिलं नव्हतं. हे सात दांडे लक्षात ठेवा, कंपनीच्या गोष्टीत ते पुन्हा येतात.

पहिली रचना १९७५ची आणि अणूंपर्यंतची १९९०ची. मधली पंधरा वर्षं काय केलं?

सात अँगस्ट्रॉमवर दांडे दिसतात, अणू दिसत नाहीत. दोन कार्बन अणूंमधलं अंतर दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं. साखळी नेमकी कशी वळते आणि कुठला अमिनो आम्लाचा फाटा कुठे लोंबतो, हे पाहायला साडेतीनच्या आसपास तरी पोचावं लागतं. सात ते साडेतीन हा प्रवास पंधरा वर्षांचा झाला.

या काळात ते चांगल्या मायक्रोस्कोपच्या शोधात फिरले. बर्लिनला अतिसंवाहक भिंग असलेला मायक्रोस्कोप होता, तिथल्या मंडळींबरोबर काम केलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मंडळींबरोबरही केलं. झोत पडला की नमुना किंचित हलतो आणि प्रतिमा फरफटते, त्याचे हिशेब मांडले. शेवटी १९९०मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी ३.५ अँगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने अणूंच्या पातळीवरचा नकाशा काढता येतो, याचा तो पुरावा होता.

एवढी वर्षं एकाच प्रथिनावर? नोकरी कशी टिकली?

हा पालकांचा प्रश्न, आणि रास्त आहे. एलएमबीला पैसा येतो तो ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडून, आणि लांब पल्ल्याचं काम करू देणं ही तिथली रीत. तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर, दर वर्षी ‘निष्पन्न काय’ या रकान्यात आकडे भरत हे झालं असतं असं मला वाटत नाही. मी स्वतः असे रकाने भरले आहेत, म्हणून बोलतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?

बहुतेक जण १९९० म्हणतील. माझं मत १९९५ला.

त्या वर्षी त्यांनी एकट्याने एक लांबलचक लेख लिहिला. त्यात नवा प्रयोग नाही, आकडेमोड आहे. प्रश्न साधा होता. न्यूट्रॉन, क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन, यांतलं कोण रेणूचं कमीत कमी नुकसान करून जास्तीत जास्त माहिती देतं? चित्र घडवायला उपयोगी पडणाऱ्या एका क्ष-किरण फोटॉनमागे नमुन्यात सुमारे ८० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) ऊर्जा सांडते. तेवढ्याच उपयोगाच्या इलेक्ट्रॉनमागे सांडते ती ६०च्या आसपास. हजारपटीहून जास्त फरक. म्हणजे स्फटिक नसला, रेणू सुटे सुटे असले, तरी सुमारे दहा हजार रेणूंच्या प्रतिमा एकत्र केल्या की अणूंपर्यंत पोचता यायला हवं, असं गणित सांगत होतं.

प्रत्यक्षात तेव्हा कुणीच त्याच्या जवळपासही नव्हतं. बाहेरचे लोक या तंत्राला ‘ब्लॉबॉलॉजी’ म्हणून हिणवत, म्हणजे ओबडधोबड गोळ्यांचं शास्त्र. हेंडरसन यांचं म्हणणं असं की निसर्ग आडवा येत नाहीये, यंत्र आडवं येतंय. मग यंत्राचा कोणता भाग, ते शोधू. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस इथे दिसतो. मर्यादा कुणाची आहे हे आधी कागदावर ठरवायचं, आणि मग पान्हा हातात घ्यायचा.

‘क्रायो’ म्हणजे नमुना फ्रीजमध्ये ठेवतात का?

नाही! घरच्या फ्रीजरमध्ये कुल्फी लावली की कधी कधी दाताखाली बर्फाचे कण कचकचतात. पाणी हळूहळू गोठलं की स्फटिक होतात. तेच प्रथिनाभोवती झाले तर प्रथिन चिरडतं आणि फोटोही बिघडतो. म्हणून पाणी इतक्या झटक्यात गोठवायचं की त्याला स्फटिक व्हायला सवडच मिळू नये. असं पाणी काचेसारखं गोठतं. ही किमया १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दुबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायडेलबर्गमध्ये साधली.

करतात असं: तीन मिलिमीटर व्यासाची, बारीक जाळीची तांब्याची चकती असते. तिच्यावर प्रथिनाच्या द्रावणाचा एक थेंब सोडतात आणि टिपकागदाने जवळजवळ सगळा टिपून घेतात. मागे राहतो तो रेणूभर जाडीचा ओला पापुद्रा. लगेच चिमट्यात धरलेली ती चकती खालच्या द्रव इथेनमध्ये बुडते, आणि इथेन थंड केलेलं असतं द्रव नायट्रोजनने. थेट नायट्रोजनच का वापरत नाहीत, असं हुशार विद्यार्थी विचारतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो वाफेच्या गादीवर टुणटुण नाचतो, तव्याला चिकटत नाही. खोलीच्या तापमानाची चकती नायट्रोजनमध्ये गेली की अगदी तेच होतं. तिच्याभोवती वायूचं पांघरूण तयार होतं आणि थंडी आत शिरायला वेळ लागतो. इथेन असं सहज उकळत नाही.

उद्योगजगताशी त्यांचा संबंध कुठे आला?

दोन ठिकाणी. पहिला कॅमेऱ्यात, दुसरा औषधात.

कॅमेऱ्याचं असं होतं की फिल्मवर चित्र चांगलं यायचं, पण ती धुवा, वाळवा, स्कॅन करा. डिजिटल सीसीडी कॅमेरे सोयीचे होते, पण ते इलेक्ट्रॉनचं आधी प्रकाशात रूपांतर करत आणि मग मोजत. तेवढ्यात प्रकाश आजूबाजूला पसरायचा, आणि रेषेचा फराटा व्हायचा. हवा होता तो इलेक्ट्रॉन थेट टिपणारा डिटेक्टर. मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते त्याच जातीची सीमॉस चिप, पण उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा मारा सोसून टिकणारी, आणि पाठीमागून तासून पातळ केलेली, म्हणजे आरपार गेलेला इलेक्ट्रॉन उलटून परत येऊन गोंधळ घालणार नाही. एलएमबीत वासी फारुकी आणि ग्रेग मॅकमुलन यांच्याबरोबर हेंडरसन यांनी वर्षानुवर्षं यावर खर्च केली. ब्रिटनची रदरफोर्ड अ‍ॅपलटन लॅबोरेटरी आणि मायक्रोस्कोप बनवणारी एफईआय कंपनी सोबत होती. त्यातून ‘फाल्कन’ डिटेक्टर आला. त्याच सुमाराला अमेरिकेतही दुसऱ्या गटांनी अशाच चिप बनवल्या.

हे डिटेक्टर इतके वेगवान की फोटोऐवजी चक्क चित्रफीत काढता येते. नमुना झोताखाली कसा हलला ते चौकटी-चौकटीने दिसतं आणि संगणकावर दुरुस्त करता येतं. १९८०च्या दशकातली ती फरफट इथे सुटली. सोबत एलएमबीतल्याच शोर्स शेरेस यांचं, प्रतिमांवरून रचना काढणारं ‘रेलिऑन’ सॉफ्टवेअर आलं आणि २०१३च्या आसपास रचनांचा पूर लोटला. २०२०मध्ये एका लोहसाठवणीच्या प्रथिनाची रचना १.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास गेली. हायड्रोजनचे अणूसुद्धा दिसू लागले.

आणि कंपनीची गोष्ट?

सात दांडे आठवतात ना? आपल्या पेशींवर जी-प्रथिनाशी जोडलेले ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीत पोचवणारी प्रथिनं, असतात, जीपीसीआर म्हणतात त्यांना. त्यांचीही घडण सात दांड्यांची. बाजारातल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं या ना त्या जीपीसीआरवर काम करतात. आजोबांची रक्तदाबाची अटेनोलॉलची गोळी आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, दोन्ही त्यातलीच. पण हे ग्राहक पटलाबाहेर काढले की लगेच विस्कटतात. मग रचना कशाची काढायची?

एलएमबीत क्रिस टेट यांच्या गटाने चिकाटीचा मार्ग धरला. एकेक अमिनो आम्ल बदलून बघायचं आणि प्रथिन उष्णतेला जास्त टिकतं का ते मोजायचं. टर्की पक्ष्याच्या एका ग्राहकात असे सहा बदल केल्यावर तो २१ अंश सेल्सिअस जास्त तापमानाला टिकू लागला. २००८मध्ये त्याची रचना मिळाली. हीच युक्ती औषधं शोधायला वापरावी म्हणून २००७ साली ‘हेप्टारेस’ ही कंपनी निघाली. संस्थापकांत हेंडरसन, टेट आणि माल्कम वेअर. नाव वाचलं की मला ते सात दांडे आठवतात. ग्रीकमध्ये हेप्टा म्हणजे सात. २०१५मध्ये जपानच्या सोसेई कंपनीने ती कमाल ४० कोटी डॉलरच्या बोलीवर घेतली.

यासाठी हेंडरसन प्रयोगशाळा सोडून कंपनीच्या केबिनमध्ये जाऊन बसले नाहीत. मुलांना ‘करिअर बदललं’ असं वाटतं, पण बदललं फारसं काहीच नव्हतं. विद्यापीठीय संशोधन, यंत्र बनवणारे आणि औषध बनवणारे एकाच प्रश्नाभोवती जमले, एवढंच. २०१६मध्ये केंब्रिजमध्ये पाच औषध कंपन्यांनी एकत्र येऊन एकाच क्रायो मायक्रोस्कोपचा वेळ वाटून घेतला, त्या व्यवस्थेतही एलएमबी होती. मुंबईत चार भाडेकरूंनी एक बोअरवेल मारावी तसा व्यवहार.

गोळा केलेल्या प्रतिमा खऱ्या कशावरून?

फार चांगला प्रश्न. स्वतः हेंडरसन यांनी यावर २०१३मध्ये कान टोचणारा लेख लिहिला होता.

दगडात गणपती दिसतो, तो कुणाला? ज्याच्या मनात आधीच गणपती आहे त्याला. नुसत्या गोंगाटाच्या, म्हणजे ज्यात काहीच नाही अशा हजार प्रतिमा घ्या. प्रत्येक प्रतिमा आइन्स्टाइनच्या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल अशी सरकवा. मग सगळ्यांची सरासरी काढा. आइन्स्टाइन दिसतो! मिशीसकट. एचआयव्हीच्या एका प्रथिनाची रचना त्याच वर्षी छापून आली होती, तिच्याबद्दल त्यांचा आक्षेप हाच होता, की शोधायला निघालात तेच आत घालून बसलात. मी हा प्रयोग वर्गात पायथनच्या तीसेक ओळींत करून दाखवतो. पाहिल्यावर मुलं दोन मिनिटं गप्प असतात, एरवी ते घडत नाही.

नोबेल रसायनशास्त्राचं का?

कारण निष्पत्ती रेणूंच्या रचनेची. तिन्ही मानकऱ्यांचं मूळ शिक्षण मात्र भौतिकशास्त्राचं.

आपल्याकडचं कुणी या वाटेने गेलंय का?

शेखर मांडे. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी., बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून रेणवीय जैवभौतिकीत पीएच.डी., मग प्रथिनांच्या स्फटिकरचनेवर काम. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे ते संचालक होते, आणि २०१८ ते २०२२ या काळात सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक.

दुसरे वेंकी रामकृष्णन. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, अमेरिकेत भौतिकशास्त्राचीच पीएच.डी., आणि मग जीवशास्त्र पहिल्यापासून शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल. १९९९मध्ये ते एलएमबीत गेले तेव्हा संचालक होते हेंडरसन. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी २००९चं नोबेल.

त्यांच्याही आधी मद्रासला जी. एन. रामचंद्रन होते. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते हे दाखवणारा १९६३चा त्यांचा रामचंद्रन आलेख आजही प्रत्येक नव्या प्रथिनरचनेची परीक्षा घेतो.

मी एम.एस्सी. फिजिक्सला आहे. काय शिकू?

फूरिए रूपांतर, पण परीक्षेपुरतं नको. एखाद्या फोटोचं करून पाहा, काही वारंवारता पुसा, उलटं फिरवा, काय बिघडलं ते बघा. प्रकाशिकी. संख्याशास्त्र, ते आपल्या अभ्यासक्रमात फार कोपऱ्यात पडलंय. पायथन आणि लिनक्स. जीवशास्त्राची भीती वाटत असेल तर अमिनो आम्लं वीसच आहेत, सुट्टीत पाठ होतात. बंगळूरला जैवविज्ञान संकुलात २०१७पासून क्रायो मायक्रोस्कोपची राष्ट्रीय सुविधा आहे. उन्हाळी प्रकल्पासाठी पत्र लिहायला लाजू नका.

हेंडरसन आता काय करतात?

नोबेलनंतर त्यांनी धरलेला नाद स्वस्त मायक्रोस्कोपचा. सध्याचे सर्वोत्तम क्रायो मायक्रोस्कोप ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात, माणसाच्या दुप्पट उंच, किमती कित्येक कोटींच्या घरात. देखभाल आणि वेगळी खोली याचा खर्च निराळा. क्रिस रूसो आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी पुन्हा तेच केलं: आधी गणित मांडलं. त्यात निघालं की पातळ नमुन्यासाठी १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, किंबहुना दर इलेक्ट्रॉनमागे होणारं नुकसान आणि मिळणारी माहिती यांचा मेळ तिथे जास्त चांगला बसतो. अडत होतं ते त्या ऊर्जेला साजेशा डिटेक्टरपाशी. म्हणजे फिरून गाडी डिटेक्टरवरच आली. २०१९मध्ये त्यांनी हे करून दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत तशा यंत्रावर एकामागून एक प्रथिनांच्या रचना काढल्या.

हे ऐकल्यावर गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “सर, मग तो आपल्या कॉलेजात येईल?” मी म्हटलं, आधी इन्व्हर्टरची बॅटरी बदलून येऊ दे.